कागदाचे पीस, हाताचे मोल



युनियनच्या माणसाने पाखरांवर काय बोलावे, असे आपल्या मनात आलेच असेल. पण कागदाचा खंड्या करावयास बसलो तेव्हा आम्हांस कळले, की हा विषय श्रमाचाच आहे.

पीस म्हणजे नुसते पान नव्हे. मधे कणा, पंखाच्या मोठ्या पिसाची पुढली बाजू अरुंद, मागली रुंद. बोथट सुईने कागदावर कणा उठवायचा, मग कात्रीने कडांना केसासारख्या तिरप्या चिरा द्यायच्या. चिकटवण्याचा क्रम कौले घालण्याचा : वळचणीकडून आढ्याकडे, म्हणजे शेपटीकडून डोक्याकडे. उलट लावाल तर पाखरू विस्कटलेले दिसेल.

खंड्याचे डोके तपकिरी, गळा पांढरा, चोच लाल, हे सोपे. पाठीची निळाई मात्र चकवते. खऱ्या पिसात निळे रंगद्रव्य नसतेच. पिसाच्या सूक्ष्म घडणीवरून प्रकाश विखुरतो, म्हणून ते निळे दिसते. आम्ही दोनतीन निळ्या छटांची पिसे आलटूनपालटून लावतो.

एका प्रदर्शनात किंमत ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, कागदच ना?" आम्ही ओशाळलो आणि भाव निम्म्यावर आणला. सतरा संध्याकाळींचे ते काम! जन्मभर दुसऱ्यांच्या मजुरीसाठी भांडलो, अन् स्वतःच्या मजुरीला भ्यालो. ही चूक आज आपणांपुढे कबूल करतो.

हातच्या वस्तूचा भाव करताना आधी तास विचारा, एवढेच मागणे.