भाकर दयेची आणि भाकर हक्काची
(वर्षावास काळात बोरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निराधार वृद्ध स्त्रियांना आधार देणाऱ्या कार्याचा इतिहास, हा आजचा विषय आहे.

सुरुवात एका थेरीपासून करू. श्रावस्तीत सोणा नावाची एक स्त्री होती. तिला दहा मुले, म्हणून लोक तिला बहुपुत्तिका म्हणत. पतीने गृहत्याग केल्यावर तिने सर्व संपत्ती मुलांत वाटून दिली. वाटणी झाल्यावर थोड्याच दिवसांत तिची किंमत संपली. एका मुलाकडून दुसऱ्याकडे अशी ती फिरत राहिली आणि शेवटी म्हातारपणी भिक्षुणी संघात आली. संघाने तिला वयामुळे नाकारले नाही. रात्री अंधारात खांबाला हात धरून ती चालत ध्यान करीत असे. पुढे ती अर्हत झाली आणि वीर्य, म्हणजे उद्योगशीलता, या गुणात तथागतांनी तिला भिक्षुणींमध्ये अग्रस्थान दिले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपल्या बोरीच्या कोणत्याही गल्लीत आजही ऐकायला मिळेल. फरक एवढाच, की आजच्या सोणेला कोणता संघ आधार देणार, हा प्रश्न आहे.

आता महाराष्ट्राचा इतिहास पाहू. 1863 साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसवल्या गेलेल्या विधवेला मान खाली न घालता बाळंत होता यावे, हा त्यामागचा हेतू. 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणले. 1896 साली धोंडो केशव कर्वे यांनी विधवांसाठी आश्रम काढला, तो 1900 साली हिंगण्याला गेला. या कार्याचे मोल मोठे आहे. परंतु विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शारदासदन आणि हिंगण्याचा आश्रम प्रामुख्याने उच्चवर्णीय तरुण विधवांसाठी होते. केशवपन, पुनर्विवाहाची बंदी, शिक्षणाचा अभाव हे त्यांचे प्रश्न. आपल्या कष्टकरी समाजात पाट लावण्याची चाल होती. तरुण विधवेचा संसार पुन्हा उभा राहू शकत होता. पण हात थकल्यावर, कोणाच्या शेतावर रोजाने जाणे बंद झाल्यावर म्हातारीने काय खावे, या प्रश्नाला त्या संस्थांत उत्तर नव्हते.

हे उत्तर देण्याचा एक मोठा प्रयत्न पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे झाला. 1896-97 च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व स्त्रिया घेऊन आल्या. 1900 च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळपीडित स्त्रियांचीही त्यात भर पडली. दुष्काळाने जात पाहिली नव्हती, तेव्हा दारही जात पाहून उघडता येणार नव्हते. केडगावच्या मुक्तिसदनात शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना अशी कामे उभी राहिली. तेथेच अंध स्त्रियांसाठी वेगळे सदन झाले आणि वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीतिसदन झाले. रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि ही संस्थाही ख्रिस्ती होती. आपला मार्ग वेगळा आहे. तरीसुद्धा, वृद्ध स्त्रीसाठी वेगळी खोली, वेगळी व्यवस्था आणि आपुलकी लागते, हे त्या बाईंनी शंभर वर्षांहून आधी ओळखले, ही गोष्ट कृतज्ञतेने सांगितली पाहिजे.

मात्र अशा गृहांत किती जणी मावणार? गावोगावच्या म्हाताऱ्या गावातच राहिल्या. गावकीची कामे आणि त्याबदल्यात दारोदार मागून आणलेली शिळी भाकर, यावर आपल्या कित्येक पिढ्या जगल्या. 1927 साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे निक्षून सांगितले. हा संदेश हळूहळू गावोगाव पोहोचला. शिळी भाकर नाकारणे भाषणात सोपे वाटते. पण ज्या म्हातारीच्या चुलीत दुसरे काही नव्हते, तिच्यासाठी ते सोपे असेल काय? म्हणून मी म्हणतो, स्वाभिमानाची किंमत आपल्या आज्यांनी पोटाने मोजली आहे. आपण त्यांचे ऋणी आहोत.

बाबासाहेब उपदेशावर थांबले नाहीत. जुलै 1942 मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. तिला हजारो स्त्रिया आल्या होत्या. पुढे कायदामंत्री या नात्याने त्यांनी हिंदू कोड बिलाचा आग्रह धरला आणि ते अडवले गेले तेव्हा सप्टेंबर 1951 मध्ये राजीनामा दिला. त्या बिलातील बराच भाग 1955-56 मध्ये निरनिराळ्या कायद्यांच्या रूपाने आला. हे कायदे बौद्धांनाही लागू आहेत. 1956 च्या वारसा कायद्याने विधवेला मिळालेल्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. त्याच वर्षीच्या दत्तक व पोटगी कायद्याने वृद्ध आईबापांचा सांभाळ करणे हे मुलाचे आणि मुलीचेही कायदेशीर कर्तव्य ठरले. सिगालोवाद सुत्तात आईबापांप्रति मुलांची जी पाच कर्तव्ये सांगितली आहेत, त्यांत पहिले कर्तव्य हेच आहे. धम्माने जे शील म्हणून सांगितले, ते कायद्याने हक्क म्हणून दिले.

त्यानंतर शासनाच्या योजना आल्या. 1980 साली महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली. 1995 साली केंद्राची वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना आली. 65 वर्षांवरील निराधारांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. 2023 साली या राज्य योजनांतील अनुदान दरमहा 1,500 रुपये करण्यात आले. 2007 साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार मुले किंवा सज्ञान नातवंडे सांभाळत नसतील तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि दरमहा 10,000 रुपयांपर्यंत पोटगीचा आदेश होऊ शकतो.

मग दार उघडे असताना आपल्या म्हाताऱ्या बाहेर का बसतात? एक अनुभव सांगतो. आपल्या भागातील एका आजीबरोबर मी तिचे अनुदान काढायला गेलो होतो. यंत्रावर अंगठा ठेवला, ठसा उमटला नाही. हात पुसून पुन्हा ठेवला. दुसरे बोट ठेवले. पाठीमागे रांग खोळंबली. समोरचा मुलगा म्हणाला, “माय, उद्या या.” आजी हात पदराखाली घेत म्हणाली, “बोटं झिजली, बाबा. कापसानं नेली.” पन्नास वर्षे कापूस वेचला, ज्वारी काढली, ऊसतोडीला गेली. ज्या कष्टांनी तिला हा हक्क मिळवून दिला, त्याच कष्टांनी तिची ओळख पुसून टाकली. ती रिकाम्या हाताने परत आली, आणि गाडीभाड्याचे पैसे गेले ते वेगळेच.

दसऱ्यानंतर तरुण जोडपी ऊसतोडीला निघतात. घरी म्हातारी आणि नातवंडे उरतात. त्या काळात हयातीचा दाखला द्यायचा राहिला, उत्पन्नाचा दाखला जुना झाला, आधार क्रमांक खात्याला जोडला गेला नाही, की अनुदान थांबते. का थांबले हे तिला कोणी सांगत नाही. शेजारीण म्हणते, “सरकारनं बंद केलं.” आणि आजी पुन्हा कोणाच्या तरी दारात जाऊन बसते. म्हणजे 1927 साली जी शिळी भाकर आपण नाकारली, तिच्यापाशीच आपण तिला परत नेऊन सोडले.

बंधू-भगिनींनो, वृद्धाश्रमाची इमारत बांधायला लाखो रुपये लागतील. पण पुढील कामांना फारसा पैसा लागत नाही. पहिले, वस्तीतील प्रत्येक एकट्या वृद्ध स्त्रीची नोंद एका वहीत करावी : वय, कागदपत्रे, खाते, शेवटचे अनुदान कधी जमा झाले. दुसरे, महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने दोन आज्यांचे कागद सांभाळावेत आणि जिंतूरला तहसील कार्यालयात जाताना त्यांच्यासोबत जावे. तिसरे, ठसा उमटत नसेल तर पासबुक घेऊन तिच्यासोबत थेट बँकेच्या शाखेत जावे आणि आधार केंद्रावर ठसे नव्याने घ्यावेत. चौथे, 2007 च्या कायद्यात एक महत्त्वाची तरतूद आहे. वृद्ध व्यक्ती स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल आणि तिने अधिकार दिला तर नोंदणीकृत संस्था तिच्या वतीने अर्ज करू शकते. पोटच्या मुलाविरुद्ध कागदावर अंगठा देताना आईचा हात थरथरतो, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी मुलाला समाजाने चार शब्द सांगावेत. तेवढ्याने भागले नाही, तर संस्थेने तिच्या पाठीशी उभे राहावे.

आपण रमाई जयंती थाटात साजरी करतो. ती केलीच पाहिजे. पण त्या दिवशी मंडपाच्या कडेला बसलेल्या म्हातारीला तिचे अनुदान आले का, एवढे कोणी विचारले तर ते रमाईला खरे अभिवादन ठरेल. सोणेला संघाने जागा दिली, म्हणून सोणा थेरी झाली. आपल्या सोणांना जागा देणारा संघ आपणच आहोत. पुढच्या वर्षी याच ठिकाणी ती वही उघडून हिशेब द्यावा, एवढी विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!