शाबासकी कशाची?



दहावीचा निकाल लागला की आमच्या शीवच्या नाक्यानाक्यावर अभिनंदनाचे फलक झळकू लागतात. तुमच्या गावच्या एस. टी. स्टँडवरही झळकत असतील. मुलाचा फोटो लहान, अभिनंदन करणाऱ्या पुढाऱ्यांचे मोठे, आणि सगळ्यात ठळक काय, तर शेकडा गुण! शाळेतला गुणगौरवही बहुधा याच मापाने होतो. मूल आतून वाढलं का, चार जणांना बरोबर घेऊन चालण्याची ताकद त्याच्यात येते आहे का, हे त्या आकड्यात दिसत नाही. मग ते ओळखायचे कोणी आणि कसे? त्यासाठी एक जुनी हकिकत सांगतो.

शीवहून दादरच्या बाजूला गाडीने निघालं की तिसरे स्टेशन परळ. तिथल्या डबक चाळीत सुभेदार रामजी सकपाळ एका खोलीत मुलांना घेऊन राहत. धाकटा भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाई. १९०७ साली तो मॅट्रिक झाला. गुण किती? ७५० पैकी २८२. म्हणजे शेकडा ३८ सुद्धा नाहीत. आजच्या फलकावर त्याचे नाव लागलेच नसते.

पण हा मुलगा कुठून कुठे आला होता ते पाहा. साताऱ्याला असताना अभ्यासात त्याचे फारसे लक्ष नव्हते. पळून मुंबईला जावे, गिरणीत काम करावे, असे त्याच्या मनाने घेतले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेचा बटवा काढायला तो रात्रीमागून रात्री धडपडला. अखेर बटवा हाती आला, तर त्यात निघाला अर्धा आणा! त्या दिवसापासून त्याने अभ्यासच करायचा असे ठरवले. मुंबईला आल्यावर संस्कृत शिकण्याची वाट जातीपायी बंद झाली, तेव्हा तो फारसी शिकला. एकदा शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुले ते उचलायला धावली. तरी तो शाळेत टिकला. ही वाढ कोणत्या गुणपत्रिकेत लिहिणार?

ती एका शिक्षकाच्या नजरेला पडली. कृष्णराव अर्जुन केळुसकर संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत बसत. एक मुलगा रोज तिथे येऊन वाचत बसतो, हे त्यांनी पाहिले आणि आपण होऊन त्याची चौकशी केली. एवढंच. पण किती शिक्षक शाळा सुटल्यावर मुलाकडे असे पाहतात?

पुढे समाजातल्या मंडळींना भीमरावाचा सत्कार करावासा वाटला. स्वतः बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत ही सभा इंग्रजी चौथीनंतरची म्हटली आहे, आणि अध्यक्ष केळुसकर होते असे सांगितले आहे. चरित्रकार धनंजय कीर ती मॅट्रिकनंतरची आणि सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली झालेली देतात. ते असो. मला मोलाचे वाटते ते सुभेदारांचे म्हणणे. त्यांनी साफ नकार दिला होता! पोरगा एक परीक्षा पास झाला, त्याहून अधिक काय केलं? अशाने त्याचे डोके चढेल, असे त्यांचे मत. केळुसकरांनी समजूत घातली तेव्हा कुठे ते तयार झाले.

सुभेदारांची भीती खोटी नव्हती, असे माझे मत आहे. नुसत्या हारतुऱ्यांनी मुलाचे भले होत नाही. म्हणून केळुसकरांनी काय दिले ते पाहावे. स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. मुलाने ते आवडीने वाचले आणि ते त्याच्या मनात घर करून राहिले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्याने लाखोंसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, हे आपण जाणताच. शिवाय केळुसकर सभेनंतर मोकळे झाले नाहीत. इंटर झाल्यावर शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा त्यांनीच त्याला सयाजीराव महाराजांकडे नेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरांनी त्यांचे समाधान झाले, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१३ साली अमेरिकेला जाणेही बडोद्याच्याच शिष्यवृत्तीने झाले. बोले यांनीही आपल्या परीने काम चालू ठेवले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव त्यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर करून घेतला. १९२७ चा महाडचा सत्याग्रह याच ठरावाच्या जोरावर उभा राहिला.

गुरुजी आणि बाई, तुमच्याही वर्गात अशी मुले असतात. एखादी मुलगी धाकट्या भावंडाचे सगळे आवरून शाळेत येते, आणि मधल्या सुट्टीत मागे पडलेल्या मैत्रिणीला गणित समजावते. एखादा मुलगा पहिलीत मारामाऱ्या करी, तोच आज भांडणे सोडवतो. गॅदरिंगच्या बक्षिसांची यादी करायला बसाल तेव्हा गुणांचे रजिस्टर बाजूला ठेवून शाळेच्या शिपायालाही एकदा विचारून पाहा. पटांगणावर काय चालते ते त्याला पुष्कळदा आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. बक्षीस चांगल्या पुस्तकाचे द्यावे आणि ते का दिले, ते दोन ओळींत पहिल्या पानावर लिहावे. आणि त्या मुलाची अकरावीची फी कोण भरणार, शहरात त्याची राहायची सोय कुठे होणार, याची चौकशी हार आणायच्या आधीच करून ठेवावी.