घरचा एक एकर



परभणीहून जिंतूरकडे जाऊं लागलें कीं वाटेंत झरी हें गांव लागतें. मुलूख काळ्या जमिनीचा. कापूस आणि सोयाबीन हीं तेथलीं मुख्य पिकें. निंदणी-खुरपणी बाईची, वेचणीही तिचीच. माल मोंढ्यावर गेला म्हणजे पट्टी मात्र होते पुरुषाच्या नांवें. शिवाय कापूस कांहीं शिजवून खातां येत नाहीं! डाळ, भाजी विकत आणावी लागते, आणि दुकानदारापाशीं उधारीची रदबदली करावी लागते ती बाईलाच.

अशा घराला एखाद्या संस्थेनें हात द्यावयाचा तो कसा? आपणां शहरवासीयांस आधीं आठवतें तें शिलाईचें यंत्र, नाहीं तर पापड-लोणचें. त्या उद्योगांस मी नांवें ठेवीत नाहीं. परंतु शेतकऱ्याचें भांडवल म्हणजे जमीन. तिच्याविषयीं बाईचा शब्द चालत नसेल, तर बाकीचें साह्य वरवरचेंच राहतें.

याच मराठवाड्याच्या दक्षिण भागांत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे भूकंप होऊन किल्लारी व आसपासचीं गांवें जमीनदोस्त झालीं. पुढें घरबांधणीच्या कामांत 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनें, प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानें, गांवोगांवच्या स्त्रियांना पुढें आणलें. घरें उभीं राहिलीं, पण एकत्र आलेल्या बाया पांगल्या नाहींत. त्यांचे बचत गट झाले. नंतर अवर्षणाच्या वर्षांत संस्थेनें त्यांना जें सुचविलें तें मला फार शहाणपणाचें वाटतें. घरच्यांपाशीं सगळी शेती मागूं नये, एक एकर मागावा. तेवढा न मिळाल्यास अर्धा. त्यांत ज्वारी-बाजरी, डाळी, भाजीपाला घ्यावा. पाणी बेताचें, खत घरचें. आधीं घरचें पोट, उरेल तें बाजारांत.

एवढ्याशा तुकड्याला नकार देणें नवऱ्यालाही जड जातें, आणि पीक बुडालें तरी घर बुडत नाहीं. कापसाचा पैसा हंगामाला येतो तो बहुधा देणेकऱ्यांच्या वहींत जिरतो; भाजीचा दर आठवड्याच्या बाजारीं रोख मिळतो, आणि तो बाईच्या कनवटीला राहतो. बी कोणतें पेरावें हें तीच ठरविते. या कार्याबद्दल संस्थेला २०१७ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचें इक्वेटर पारितोषिक मिळालें.

तरीही एक भय उरतेंच. तो एकर तिला कसावयास दिलेला असतो, तिच्या नांवचा नसतो. चांगला पिकूं लागला आणि परत मागितला, तर ती काय दाखविणार? पीककर्जाला गेली तरी बँक सातबाराचा उतारा मागते. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनें १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची हांक देऊन बायकोच्या नांवें जमीन करावयास सांगितलें तें हें जाणूनच. पुष्कळ शेतकऱ्यांनीं तें केलेंही. न करणारे अर्थात् अधिक.

ऐकणाऱ्यांपैकीं कित्येकांची वडिलोपार्जित शेती गांवीं असेल. तिच्या सातबारावर घरांतल्या किती बायकांचीं नांवें आहेत, तें एकदां पाहावें. तो उतारा आतां घरबसल्याही पाहतां येतो.