अथेन्सचा नागरिक आणि बंगळूरचा मजूर

१९७२ साली याच बंगळूरमध्ये, रवींद्र कलाक्षेत्रामागील खुल्या मंचावर बी. व्ही. कारंत यांनी पी. लंकेश यांच्या कन्नड अनुवादातून ‘इडिपस’ सादर केले. अथेन्समध्ये अशी नाटके पाहण्यासाठी पुढे गरीब नागरिकाला सरकारी निधीतून पैसे मिळू लागले. ज्यूरीत बसण्याचा भत्ता तर पेरिक्लीसनेच सुरू केला. रोज बुडाला तर गरीब राज्यकारभारात येणार नाही, एवढे त्या लोकशाहीने ओळखले होते. प्लेटोला मात्र ते खुपले! अर्थात नागरिक म्हणजे स्वतंत्र पुरुष. लॉरियनच्या चांदीच्या खाणीतला दास नव्हे. ॲरिस्टॉटलला मूल्याचे कोडे सुटले नाही ते या दास्यामुळेच, असे मार्क्सने ‘भांडवला’त दाखविले आहे.

आज बंगळूरच्या इमारती उभारणाऱ्या मजुराला मताचा हक्क आहे, मतदानादिवशी भरपगारी सुटीचा कायदाही आहे. परंतु ज्याचे नाव कलबुर्गीकडील गावाच्या मतदारयादीत राहिले, त्याचे जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेले रोज कोण देणार?