आग्या मोहोळाचे विष आणि अळीचा विषाणू
(स्वागताध्यक्षीय भाषण)



ठाणे-कल्याण-डोंबिवलीकरांच्या वतीने आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. लोकलची गर्दी आणि घोडबंदर रस्त्यावरची कोंडी सोसून आपण आलात, याचा स्वागत समितीला फार आनंद आहे.

कीटकदंशाच्या ॲलर्जीवरची ही परिषद इथेच व्हावी, असा आमचा आग्रह होता. येऊरचे जंगल आमच्या दाराशी आहे आणि उंच इमारतींच्या सज्जांखाली आग्या मोहोळ बसते. डंख झालेला माणूस आधी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात येतो. अंगभर गांध्या, ओठ सुजलेले, नाडी हाताला लागत नाही. मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन वेळेत पडले, तर बहुधा वाचतो. पण डसली कोण, मधमाशी की गांधीलमाशी? त्याने तिला धड पाहिलेलेही नसते.

रक्ततपासणी पुष्कळदा दोघींवरही बोट ठेवते. दोघींच्या विषातल्या काही प्रथिनांना एकच साखरेची साखळी चिकटलेली असते आणि रक्तातली प्रतिपिंडे त्या साखळीलाच ओळखतात. त्या प्रतिपिंडांनी सहसा आजार होत नाही, पण डॉक्टर गोंधळतात. या ॲलर्जीवरचा उपचार म्हणून विषाची इंजेक्शने काही वर्षे द्यायची असतात. ती चुकीच्या माशीची देऊन कसे चालेल?

इथे अळ्यांना ग्रासणारा बॅक्युलोव्हायरस मदतीला येतो. हरभरा पिकवणाऱ्या शेतकऱ्याला या कुळातला एचएएनपीव्ही ठाऊक आहे. त्याच्या फवारणीने घाटेअळी शेंड्याला उलटी लटकून मरते. या कुळातला असा विषाणू पॉलिहेड्रिन नावाचे प्रथिन भरमसाट तयार करतो आणि त्याच्या आवरणात सुरक्षित राहतो. प्रयोगशाळेतल्या पेशींत त्याला या आवरणाची गरज नसते. म्हणून पॉलिहेड्रिनचे जनुक काढून तिथे दुसरे बसवता येते. १९८३ साली अमेरिकेत गेल स्मिथ आणि मॅक्स समर्स यांनी याच वाटेने मानवी इंटरफेरॉन बनवले. मधमाशीच्या विषातल्या फॉस्फोलायपेजचे जनुक तिथे बसवले, की लष्करी अळीच्या एसएफ-९ पेशी तेच प्रथिन बनवू लागतात. शिवाय ती त्रासदायक साखळी या पेशी जवळपास जोडतच नाहीत. मग अशा प्रथिनावर केलेल्या तपासणीतल्या होकाराचा अर्थ लागतो.

ही विद्या आपल्याला परकी नाही. घाटापलीकडे पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने कोविडवरची कोवोवॅक्स लस बनवली, ती बॅक्युलोव्हायरस आणि एसएफ-९ पेशींच्याच जोरावर. मात्र बाजारातल्या तपासण्या युरोपीय मधमाशी आणि पाश्चात्त्य गांधीलमाश्यांच्या विषावर बेतलेल्या आहेत. आमच्या रुग्णाला डसते ती आग्या किंवा सातेरी मधमाशी, नाहीतर इथलीच गांधीलमाशी. त्यांच्या विषातली प्रथिने त्या परदेशी माश्यांच्या प्रथिनांशी मिळतीजुळती असतील, पण तेवढ्यावर रुग्णाचे उपचार ठरवायला माझे मन तयार होत नाही. आपल्या माश्यांची जनुके घेऊन ही प्रथिने इथेच तयार व्हावीत आणि ती आमच्या दवाखान्यांतल्या रुग्णांच्या रक्तावर तपासली जावीत, एवढे एक काम मी या परिषदेपुढे ठेवतो. रुग्णांशी बोलून, त्यांची संमती घेऊन नमुने गोळा करायला इथले डॉक्टर तयार आहेत.