स्वयंसेवकाची शिष्यवृत्ती आणि गरिबाचा वकील



१९६६ साली अडुसष्ट वर्षांच्या एक अमेरिकन परिचारिका स्वयंसेविका म्हणून मुंबईच्या विक्रोळीत आल्या आणि तेथील दवाखान्यात राबल्या. लिलियन कार्टर हे त्यांचे नाव. पुढे चिरंजीव अमेरिकेचे अध्यक्ष झाले म्हणून त्या लोकांच्या लक्षात राहिल्या. एरवी केनेडींनी १९६१ मध्ये स्थापन केलेल्या ‘पीस कोअर’चे स्वयंसेवक १९७६ पर्यंत भारतात येत होते, हे आज कोणाला फारसे आठवत नाही. या संघटनेमागे शीतयुद्धाचे राजकारण होते आणि डाव्या मंडळींना तिच्याविषयी वाटणारा संशय निराधार नव्हता. परंतु परक्या खेड्यात दोन वर्षे काढून मायदेशी परतलेल्या तरुणाचे पुढे काय होते, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारण्याजोगा आहे.

अशा तरुणांसाठी १९८५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात एक शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. आज ती कव्हरडेल या दिवंगत सिनेटरांच्या नावाने ओळखली जाते. पुढे इतर विषयांबरोबर कायद्याचे शिक्षणही तिच्या कक्षेत आले. अमेरिकेत कायद्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीनंतरचा असतो आणि तो अतिशय महाग आहे. शिष्यवृत्तीधारकाला विद्यापीठ शुल्कात सवलत देते. मात्र शिकत असतानाच त्याने अमेरिकेतील एखाद्या उपेक्षित वस्तीत काम केले पाहिजे, अशी अट असते. ही अट हाच या योजनेचा प्राण होय. दूरदेशीच्या दारिद्र्यावर हळहळणाऱ्याला ती स्वतःच्या शहरातील दारिद्र्यापुढे उभे करते.

पण सवलत म्हणजे मोफत शिक्षण नव्हे. उरलेले शुल्क कर्जाने भरावे लागते. मग पदवी हाती पडताच सेवाभाव आणि हप्ता यांचा झगडा सुरू होतो. गरिबांचे खटले चालवणाऱ्या संस्थेचे वेतन बड्या कंपन्यांच्या वकिली पेढ्यांपुढे नगण्य असते. सार्वजनिक सेवेत राहून दहा वर्षे हप्ते भरणाऱ्याचे उरलेले सरकारी कर्ज माफ करणारा कायदा २००७ मध्ये झाला आणि पीस कोअरमधील काळही त्यात धरला जातो, हे खरे. तरीही तरुण वयातील दहा वर्षे हा काही थोडा काळ नव्हे.

याहून मूलभूत अडचण वेगळीच आहे. हा वकील तयार झाला तरी त्याला नेमणार कोण? इतिहास येथे मोठा बोलका आहे. पीस कोअरचे पहिले संचालक सार्जंट श्रायव्हर हेच पुढे अध्यक्ष जॉन्सन यांच्या दारिद्र्यविरोधी मोहिमेचे प्रमुख झाले आणि त्यांच्याच खात्याने १९६५ मध्ये गरिबांसाठी सरकारी खर्चाने कायदेविषयक मदत सुरू केली. म्हणजे स्वयंसेवक आणि गरिबाचा वकील ही दोन्ही एकाच माणसाच्या हाताखाली वाढलेली भावंडे! १९७४ मध्ये या मदतीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. ते मोडीत काढण्याचा प्रस्ताव रेगन प्रशासनाने १९८१ मध्ये मांडला. महामंडळ टिकले, परंतु त्याचे अनुदान ३२ कोटी डॉलरवरून पुढच्याच वर्षी २४ कोटींवर आले. १९९६ मध्ये तर त्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांना अनेक पीडितांच्या वतीने सामूहिक दावे चालवण्यास बंदी झाली. एका हाताने सेवाभावी तरुणाला वकिलीचे शिक्षण द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याचे हत्यार बोथट करावयाचे, असा हा व्यवहार.

गुन्ह्याचा गंभीर आरोप असलेल्या गरिबाला वकील देणे अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या गिडियन खटल्यात राज्यांवर बंधनकारक केले. पण घरातून काढल्या जाणाऱ्या भाडेकरूला तो हक्क मिळाला नाही. घरमालकाच्या बाजूने वकील उभा आणि भाडेकरू एकटा, हे तेथील न्यायालयांतले नेहमीचे दृश्य. आपल्या राज्यघटनेत निदान ३९-अ हा अनुच्छेद आहे, त्याची अंमलबजावणी कितीही लंगडी असो. अमेरिकेत या बाबतीत पहिले पाऊल न्यूयॉर्क शहराने २०१७ मध्ये उचलले: घर खाली करण्याच्या दाव्यांत अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंना शहराच्या खर्चाने वकील देण्याचा कायदा केला. त्यासाठी भाडेकरूंच्या संघटना कित्येक वर्षे झगडल्या होत्या. त्या कायद्यामुळे भाडेकरूला वकील मिळाला आणि वकिलालाही अशिलाच्या खिशावर विसंबून नसलेली पगाराची जागा मिळाली.