सरकारी कॉलेज चांगलें कीं खाजगी ?

(चकलांबा, ता. गेवराई, जि. बीड येथें शेतकरी व कारागीर पालकांच्या सभेंत झालेलें भाषण)



आज आपण येथें जमलों तें कोणा पुढाऱ्याच्या स्वागतासाठीं नव्हे. बारावीचा निकाल लागला आहे, आणि ज्यांच्या घरचा पोरगा किंवा पोरगी पास झाली त्यांच्या घरांत गेले कित्येक दिवस एकच वाद चालला आहे. पोराला सरकारी कॉलेजांत घालावें कीं खाजगी ? पोरगा म्हणतो, अमक्या कॉलेजचें नांव मोठें. शेजारी म्हणतो, सरकारींत काय राम आहे ? मामा म्हणतो, खाजगी म्हणजे उघड लूट. आणि बाप बिचारा एकदां पोराच्या तोंडाकडे बघतो, एकदां आपल्या बांधाकडे बघतो. कारण वाद कोणींही घालावा, पैसा बापाच्या आणि आईच्या घामाचा जाणार !

कॉलेजच्या प्रवेशाचे दिवस आणि मुकादमाच्या उचलीचे दिवस आपल्याकडे एकमेकांना लागूनच येतात. आपल्या तालुक्यांतून दर सालीं किती कोयते ऊसतोडीला जातात, हें मीं तुम्हांला सांगावयास नको. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको, दोघांचे चार हात. त्या चार हातांची पांच-सहा महिन्यांची मजुरी आधींच उचलून जर आपण पोराची फी भरणार असूं, तर जी वस्तु आपण विकत घेतों ती नीट पारखून घेण्याचा आपला हक्क आहे. हक्क कसला, तें आपलें कर्तव्य आहे.

तुम्ही बैलबाजारांत जातां. व्यापाऱ्यानें बैलाचीं शिंगें रंगविलेलीं असतात, पाठीवर झूल असते, गळ्यांत घुंगुरमाळ असते. ती झूल पाहून तुम्ही पैसे मोजतां काय ? नाहीं. तुम्ही तोंड उघडून दांत पाहतां, खांदा पाहतां, चालवून पाहतां, आणि ज्यानें तो आधीं जोतला त्याला चार प्रश्न विचारतां. मग पोराला कॉलेजांत घालतांना आपलें हें शहाणपण कोठें जातें ? तेथें आपण गेटाची कमान पाहतों, कांचेची इमारत पाहतों, रस्त्याच्या कडेचा फलक पाहतों, आणि म्हणतों, वा, काय कॉलेज आहे ! बंधूंनो, ही झूल झाली. दांत कोणीं पाहिले ?

आतां पहिला घोळ आपण सोडवूं. 'खाजगी' हा शब्द आपण एकच वापरतों, पण त्या एका पोत्यांत निरनिराळा माल भरलेला आहे. एक कॉलेज असें, कीं तें एखाद्या शिक्षणसंस्थेनें काढलें, पण तेथील मंजूर जागांवरच्या शिक्षकांचे पगार सरकार देतें. त्याला अनुदानित म्हणतात. तेथें फी थोडी असते. दुसरें असें, कीं सारा खर्च विद्यार्थ्यांच्या फीमधून निघतो. तें विनाअनुदानित. तिसरीं खाजगी विद्यापीठें व अभिमत विद्यापीठें. त्यांचा कारभार निराळा आणि पदवीही तींच देतात. बरें, एकाच अनुदानित कॉलेजच्या आवारांत एखादी तुकडी विनाअनुदानितही असूं शकते ! म्हणून 'खाजगी चांगलें कीं वाईट' हा प्रश्नच आंधळा आहे. कोणतें खाजगी, हें आधीं विचारलें पाहिजे.

हा वाद आजचा नव्हे. १८८२ सालीं हंटर साहेबांचें शिक्षण कमिशन बसलें होतें. सरकारनें वरच्या शिक्षणांतून हळूहळू अंग काढून घ्यावें आणि कॉलेजें खाजगी मंडळींच्या हातीं सोपवावींत, असा विचार त्या वेळीं जोरांत होता. जोतीराव फुल्यांनीं त्या कमिशनपुढें आपलें निवेदन दिलें. शेतकऱ्याच्या कष्टांतून सरकारची तिजोरी भरते आणि तिच्यांतलें शिक्षण मात्र वरच्या वर्गाच्या पदरांत पडतें, ही त्यांची मुख्य तक्रार. अशी तक्रार करणारा माणूस, सरकारी कॉलेजें बंद झालीं तर बरेंच, असें म्हणाला असता तर नवल नव्हतें. परंतु जोतीराव तसें म्हणाले नाहींत. सरकारनें शाळा-कॉलेजांतून हात काढून घेऊं नये, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. त्यांचें म्हणणें असें, कीं सरकार बाजूला झालें तर पैसेवाले व वरचे लोक आपली सोय करून घेतील, पण ती सोय गरिबापर्यंत पोंचायला कित्येक वर्षें जातील.

जोतीरावांची भीति खरी ठरली काय ? अर्धी खरी ठरली आणि अर्धी आपल्याच माणसांनीं खोटी पाडली. कशी, तें ऐका. १९१४ सालीं नाशकास मराठा विद्या प्रसारक समाज निघाला. १९१९ सालीं कर्मवीर भाऊराव पाटलांनीं रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या बोर्डिंगांतल्या पोरांच्या तोंडीं घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने दिले, हें महाराष्ट्र जाणतो. त्याच संस्थेनें १९४७ सालीं साताऱ्यास छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें आणि 'कमवा व शिका' या रीतीनें पोरें घाम गाळून शिकूं लागलीं. वऱ्हाडांत पंजाबराव देशमुखांनीं श्रीशिवाजी शिक्षण संस्था उभी केली. १९४५ सालीं बाबासाहेब आंबेडकरांनीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली.

आपल्या मराठवाड्याची गोष्ट तर आणखी निराळी. निजामी राज्यांत हैदराबादेस १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें, तें उर्दू माध्यमाचें. औरंगाबादेस १९२३ सालीं इंटरपर्यंतचें सरकारी कॉलेज झालें. म्हणजे सरकारी कॉलेज होतें, पण चकलांब्याच्या पोराला तें चंद्राइतकें दूर. निजामी गेल्यावर दोनच वर्षांनीं, १९५० सालीं, बाबासाहेबांच्या संस्थेनें औरंगाबादेस कॉलेज काढलें. तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून नांवारूपास आलें. खेड्यापाड्यांतून ज्यांना कोणीं दारांत उभें केलें नसतें, तीं पोरें तेथें शिकलीं. अंबाजोगाईचें योगेश्वरी महाविद्यालय १९५६ चें आणि बीडचें बलभीम महाविद्यालय १९६० चें. हीं दोन्हीही संस्थांनींच काढलेलीं आहेत. ज्याला आपण आज नाक मुरडून 'खाजगी' म्हणतों, तें एके काळीं रयतेनें रयतेसाठीं उभें केलेलें घर होतें.

मग बिघडलें केव्हां ? १९८३ च्या सुमारास राज्य सरकारनें विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. एक गोष्ट खरी, कीं त्यामुळें महाराष्ट्राच्या पोरांना कर्नाटकांत धांव घेण्याचें कारण पुष्कळसें उरलें नाहीं, आणि जागा वाढल्या. तीं सारींच कॉलेजें वाईट निघालीं असेंही नाहीं. त्यांतल्या कांहींनीं चांगला लौकिक मिळविला. परंतु त्याच वाटेनें देणगीचा बाजारही आंत शिरला, आणि तो इतका माजला कीं १९८७ सालीं सरकारला देणगीबंदीचा कायदा करावा लागला. कायदा झाला, पण देणाराच जर मागच्या दारानें पिशवी घेऊन जाऊं लागला, तर कायदा काय करील ?

आतां नांवाचा, म्हणजे प्रतिष्ठेचा विचार करूं. डॉक्टरी आणि इंजिनिअरिंगमध्यें सरकारी कॉलेजचें नांव मोठें कां ? फी कमी, जागा मोजक्या. म्हणून सर्वांत जास्त गुणांचीं पोरें तेथें आधीं धांवतात. हुशार पोरें आलीं कीं निकाल चांगला लागतो, निकालानें नांव होतें, आणि नांव झालें कीं पुन्हा हुशार पोरें येतात. म्हणजे तें नांव पोरांनींच केलेलें असतें. डॉक्टरीचें तर आणखी एक कारण आहे. १९७४ सालीं आपल्याच जिल्ह्यांत अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तेथील मोठें पुस्तक कोणतें ? तुम्ही आम्ही ! साप चावलेला, बैलगाडीखालीं सांपडलेला, बाळंतपणांत अडलेली, असे रोगी तेथें येतात, आणि त्यांच्यावर हात बसवून पोरें डॉक्टर होतात. जेथें रोग्यांचीच वाण, तेथें संगमरवराची फरशी कितीही चकचकीत असली तरी विद्या कोठून येणार ?

कला आणि शास्त्राच्या कॉलेजांत याच्या उलट दिसतें. पुण्याचें फर्ग्युसन १८८५ चें, तें संस्थेचें, सरकारी नव्हे. पण त्याचें नांव पिढ्यान्‌पिढ्या गाजलें. तेव्हां सरकारी तेवढें थोर आणि खाजगी तेवढें हलकें, हा नियम नाहीं. उलटाही नाहीं. आजकाल नॅकची श्रेणी दाखवितात, २०१६ पासून केंद्र सरकारची क्रमवारीही निघते. तें पाहावें, पण त्याच्यावरच विसंबूं नये. २०२५ च्या फेब्रुवारींत नॅकच्या एका तपासणी समितीच्या अध्यक्षांसकट कित्येकांना लाचेच्या आरोपावरून सी. बी. आय. नें अटक केली. बैलाचा दाखला देणाराच जर व्यापाऱ्याच्या पंगतीला बसला, तर दांत आपणच पाहिले पाहिजेत.

घरची गोष्ट सांगतों. माझ्या एका आतेभावानें दीड एकर काळी विकली आणि पोराला इंजिनिअरिंगला घातलें. कॉलेजचें नांव घेत नाहीं. फीची पावती मिळाली, पण वरच्या रकमेची नाहीं. त्या पोराला एकाच विषयाला एका सालांत तीन मास्तर आले आणि गेले. पदवी मिळाली. आज तो चाकणच्या एका कारखान्यांत आहे, आणि त्याच्याच शेजारच्या यंत्रावर आय. टी. आय. झालेला एका सुताराचा पोरगा आहे. दोघांच्या पगारांत फारसें अंतर नाहीं. अंतर एवढेंच, कीं सुताराच्या घरचा वाकस-रंधा घरींच आहे, आणि आतेभावाची जमीन दुसऱ्याची झाली. परंतु सरकारी म्हणजे सारें सोनें, असेंही मी म्हणणार नाहीं. एका सरकारी संस्थेंत मीं नवी कोरी यंत्रें कुलुपांत पडलेलीं पाहिलीं आहेत, कारण शिकविणारा नेमलेलाच नव्हता.

म्हणून दांत कसे पाहावे तें सांगतों. घरीं जाऊन पोरांकडून लिहून घ्या.

पहिलें, शिकविणारे किती आहेत तें विचारा. त्यांत कायमचे किती आणि तासिकेवरचे किती ? तासाच्या मजुरीवर राबणारा प्राध्यापक आपल्यासारखाच मजूर आहे. त्याचा दोष नाहीं. पण उद्यां तो असेल कीं नाहीं, हें त्यालाही ठाऊक नसतें.

दुसरें, मान्यता आणि विद्यापीठ पाहा. एकाच विद्यापीठाला जोडलेल्या सरकारी आणि खाजगी कॉलेजची पदवी तें विद्यापीठच देतें. तेव्हां नुसत्या कमानीसाठीं जास्त पैसे मोजण्यांत अर्थ नाहीं.

तिसरें, फी. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी २०१५ च्या कायद्याखालचें प्राधिकरण ठरवितें, आणि ती सर्वांना पाहतां येते. त्याहून एक रुपया वर मागितला तर तो कशाचा, हें लेखी विचारा. पावतीवांचून दमडी देऊं नका.

चौथें, आणि फार महत्त्वाचें : प्रवेश सी. ई. टी. च्या सरकारी फेरीमधूनच घ्या. मॅनेजमेंटच्या कोट्यांतून शिरलांत, कीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची फी-सवलत गेली. २०२४-२५ पासून ज्या घरचें उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे, अशा इतर मागास, आर्थिक दुर्बल व मराठा आरक्षणाच्या वर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाची शिकवणी-फी व परीक्षा-फी पूर्ण माफ झाली आहे, पण तीही फेरीमधून आलेल्यांनाच. अभिमत व खाजगी विद्यापीठांत ती लागू नाहीं. मायबहिणींनो, पोरीला कोपींत धाकटीं भावंडें सांभाळायला नेण्याआधीं, आणि तिचें लग्न उरकण्याआधीं, ही एक गोष्ट लक्षांत ठेवा.

पांचवें, मागच्या सालीं तेथून बाहेर पडलेलीं तीन पोरें गांठा. फलकावरचीं नव्हेत, आपल्या पंचक्रोशींतलीं. तीं आज काय करतात तें विचारा.

हें झालें प्रत्येकानें घरापुरतें करावयाचें. पण आपण सारे मिळून करावयाचें एक काम राहतें. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतल्या जागा रिकाम्या राहतात, आणि आपण म्हणतों, सरकारींत काय राम आहे. राम नाहीं, कारण आपण तो मागत नाहीं. मतें मागायला जो येतो त्याला आपण रस्ता मागतों, सभामंडप मागतों. बीडच्या सरकारी पॉलिटेक्निकांत आणि आय. टी. आय. मध्यें किती मास्तरांच्या जागा रिकाम्या आहेत, हें त्याला कोणीं कधीं विचारलें आहे काय ? जोतीरावांनीं १८८२ सालीं सरकारचा हात धरून ठेवावयास सांगितलें होतें. तो हात आपणच सोडला, तर पोराला फलकवाल्याच्या दारांत उभें केल्याचा दोष दुसऱ्या कोणाला देतां येणार नाहीं.

येत्या सोमवारपासून रोज संध्याकाळीं शाळेच्या ओट्यावर दोन शिकलेलीं पोरें बसतील. ज्यांना फेरीचा अर्ज भरावयाचा आहे, त्यांनीं गुणपत्रिका, उत्पन्नाचा व जातीचा दाखला घेऊन यावें. एक पैसा लागणार नाहीं. जमीन विकण्याआधीं, उचल घेण्याआधीं, एकदां त्या ओट्यावर येऊन बसा. एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.